मीठबेटाचा कारभार

“वजनाचा काटा म्हणजे काही सरकार नाही,” असं म्हणून माझ्या भाच्यानं फासे टाकले आणि खेळ पुढं गेला. ज्या पोरीला उद्देशून तो हे म्हणाला, तिनं जरा वेळ नकाशाकडं पाहिलं, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि घरी निघून गेली. मे महिन्यातली दुपार होती. बाहेर आर्वी रोडचं डांबर पाघळलेलं, सपरीत कूलरच्या ओल्या ताटीचा वास, आणि फरशीवर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला एक समुद्र. निळा खडू मधेच संपला म्हणून अर्धा समुद्र हिरवा. भांडण असं काही झालं नव्हतं. आंबे पाण्यात घातलेले होते, रसासाठी हाक आली की सगळी पोरं उठणारच होती. पण ते वाक्य माझ्या मनात अडकून बसलं. पेरणीसाठी सोयाबीन निवडायला बसलो तरी तेच, बँकेच्या रांगेत उभा राहिलो तरी तेच.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिकडं मित्रांसोबत तो असले खेळ खेळतो. एक जण जग रचतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात, आणि पुढं काय घडणार ते थोडं बोलण्यावर, थोडं फाशांवर ठरतं. या सुट्टीत त्यानं रचलेलं जग समुद्रावरचं होतं. मीठबेट नावाचं राष्ट्र, बारा बेटांचं मिळून एक. जमीन खडकाळ, ज्वारीचं एक कणीस यायचं नाही. मीठ, सुकी मासळी आणि मोती द्यायचे, बदल्यात धान्य, कापड, लोखंड आणायचं. जहाजं सात घराण्यांची. वारेवाले म्हणून एक जमात, त्यांना वारा बोलावता येतो; ते शीळ घालतात आणि शिडं भरतात. सगळ्यांत मोठ्या बेटावर डोंगर, डोंगरात जंगल, आणि जंगलातली माणसं जहाजांसाठी लाकूड तोडून देतात, पण स्वतः कधी किनाऱ्यावर उतरत नाहीत. हे सगळं त्यानं फार मन लावून रचलं होतं. कोणत्या बेटावर गोड्या पाण्याची विहीर आहे तेसुद्धा ठरलेलं. ठरायचं राहिलं होतं ते एवढंच, की या राष्ट्राचा कारभार कोण बघणार.

आणि पोरं त्यावर अशी तुटून पडली की मी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत बसलो. भाच्याचं म्हणणं, जहाजामागं एक मत. ज्याचं जहाज बुडतं त्याचं घर बुडतं, म्हणून निर्णय तोच जपून घेईल. पुतणी एमपीएससीचा अभ्यास करते. तिला माणशी एक मत हवं, लिखित घटना हवी, न्यायालय वेगळं हवं. शेजारचा पोरगा नुकताच बारावी झालेला, तो राजावर अडून बसला. “राजा तं पाह्यजेच नं काकाजी. वादळात जहाज सापडलं तं कोनी मतदान घेत बसते का?” पुतणीनं विचारलं, हमालांना मत का नाही? भाचा म्हणाला, हमालाचं काय बुडतं? तिला चटकन उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात सातवीतली ती पोरगी, जिला खेळात हमालाचंच काम दिलं होतं, म्हणाली, “मले हमाल नाई व्हाचं. मी काट्यावर बसतो. माल उतरला का मी मोजतो.” तसं पद खेळात नव्हतं. मग ते वाक्य आलं.

त्या पोरीची आई आमच्या वावरात कापूस वेचायला येते.

सीतादहीची पूजा होऊन वेचा सुरू झाला की रोज संध्याकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, बाभळीला काटा टांगायचा. स्प्रिंगचा काटा, खाली लोखंडी आकडा, आकड्याला कापसाचं गाठोडं. वेचाई किलोमागं ठरलेली असते, म्हणजे सुई थांबेल तेवढीच त्या बाईची दिवसाची कमाई. बाकीच्या बाया तोवर पाणी पितात, कुणी पदरानं मान पुसते. ही मात्र गाठोडं लटकवलं की वळसा घालून माझ्या बाजूला येते आणि सुईसमोर उभी राहते. बोलत काही नाही. सुई थरथरत असते तोवर ओठ मिटलेले. सुई थांबली की आकडा ती स्वतः मोठ्यानं म्हणते, आणि मग मी वहीत लिहितो. दवात वेचलेला कापूस जड भरतो हे मला माहीत असतं, काट्याची स्प्रिंग जुनी झाली की वजन चुकतं हे तिला माहीत असतं. दोघांच्या मनातलं दोघांनाही कळतं आणि सुई मधे असल्यामुळं कुणाला बोलून दाखवावं लागत नाही. पोरगी सुट्टीच्या दिवशी आईसोबत असते, धुऱ्यावर बसून हे सगळं बघते. तिला काटाच का हवा होता हे मला तिथं सपरीत बसल्या बसल्या कळलं. भाच्याला कळायचं कारण नव्हतं. त्याच्या घरी पगार बँकेत जमा होतो.

माझे वडील बाजार समितीत मापारी होते. तेव्हा तूर, हरभरा, ज्वारी तिकाटण्याला टांगलेल्या तराजूवर मोजत. मोजायला घेण्याआधी ते रिकामी पारडी उचलून धडा बघायचे. एक बाजू झुकली तर दुसऱ्या पारड्याला खडा बांधायचे, आणि हे सगळं शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत. पहिल्या वजनाला एक म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, मग दोन, मग तीन. आवाज असा की चार ओटे पलीकडं जायचा. एकदा एका व्यापाऱ्यानं त्यांना जरा हळू मोजायला सांगितलं होतं. वडिलांनी पुढचा आकडा आणखी मोठ्यानं म्हटला. मी तिथं पोत्यांवर बसलेलो होतो, मला तुरीच्या भुश्यानं खोकला येत होता आणि अभिमान वाटत होता. ते ना शेतकऱ्याचे नोकर होते, ना व्यापाऱ्याचे. परवाना समितीचा, तोलाई सौद्यातून. त्यांच्या हाताखालून लाखोंचा माल जायचा आणि त्यातला एक दाणाही त्यांचा नसायचा. भाच्याच्या हिशेबानं त्यांचं काहीच बुडत नव्हतं, म्हणून त्यांना मत नको. मला तर उलट वाटतं. ज्याचं काही बुडत नाही असा एक तरी माणूस व्यवहाराच्या मधोमध उभा पाहिजे, आणि त्याला तिथून कुणी उठवू शकता कामा नये.

आजोबा ज्या बाजाराच्या गोष्टी सांगायचे तो आणखी वेगळा. दोन माणसं हातात हात घेत, वरून रुमाल टाकत, आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा. त्याला दिसायचा फक्त हलणारा रुमाल. म्हणून मला वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा गावाचं मोल वाटतं. लाडाच्या कारंज्यातला बाजार हा देशातला पहिला नियंत्रित बाजार, १८८६ चा. वऱ्हाडचा कारभार तेव्हा हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या हुकमानं चालायचा. पुढं १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदाच झाला. हे शेतकऱ्याच्या कळवळ्यातून आलं नव्हतं. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता. पण कारण काहीही असो, अर्ध्या जगाच्या समुद्रावर ज्यांची जहाजं फिरत होती त्यांनाही इथं आमच्या काळ्या मातीत येऊन बाजाराची जागा, दलालाचा परवाना आणि वजनमाप याचा कायदा करावा लागला. तोफा होत्या, फौज होती, तरी तेवढ्यानं भागलं नाही.

रात्री अंगणात खाटा टाकल्या तेव्हा वाद पुन्हा निघाला, आणि या वेळी मीही त्यात उतरलो. भाच्यानं व्हेनिसचं नाव घेतलं. राजाचं घराणं नाही, व्यापाऱ्यांनी चालवलेलं राज्य, आणि कितीतरी शतकं टिकलं. १७९७ मध्ये नेपोलियन दारात येऊन उभा राहिला तेव्हाच संपलं. हे खरंच आहे आणि मलाही व्हेनिसचं मनापासून कौतुक आहे. त्यांचा दोजे म्हणजे तहहयात निवडलेला प्रमुख, पण परराज्यातून आलेलं पत्र एकट्यानं फोडायची त्याला मुभा नव्हती. १२६८ पासून त्याची निवड कशी व्हायची ते मी पोरांना अंगणात खडे मांडून दाखवलं. सोडतीनं ३० जण काढायचे, त्यातले सोडतीनंच ९ ठेवायचे, त्या ९ जणांनी ४० निवडायचे, ४० मधून सोडतीनं १२, त्या १२ जणांनी २५, पुन्हा सोडतीनं ९, त्यांनी ४५, पुन्हा ११, आणि त्या ११ जणांनी निवडलेले ४१ लोक शेवटी दोजे ठरवणार. सोडतीचे गोळे काढायला चौकात जो पहिला पोरगा भेटेल त्याला धरून आणायचे. पैसे कुणाला चारायचे हेच कुणाला कळू नये, अशी ती व्यवस्था. शेजारचा पोरगा खाटेवर उठून बसला. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा आपल्याकडंही लहान पोराच्या हातूनच चिठ्ठी काढतात, हे त्याला आठवलं होतं. तहसीलमध्ये त्यानं ते पाहिलेलं.

पण व्हेनिस ज्यावर वाढलं ते दुसरंच होतं, आणि ते मला त्या ४१ पेक्षा मोठं वाटतं. घरी बसलेला माणूस भांडवल द्यायचा, ज्याच्याजवळ काही नाही असा तरुण ते घेऊन जहाजावर जायचा, आणि माल विकून परत आला की नफ्यातला चौथा हिस्सा त्याचा. कागद व्हायचा, साक्षीदार असायचे. अशा सफरी करून करून खालच्या घरातली पोरं वर आली आणि मोठ्या सभेत जाऊन बसली. मग १२९७ मध्ये आत बसलेल्यांनी दार लावून घेतलं. ज्यांच्या घरचे आधीपासून सभेत होते त्यांचेच वंशज पुढं बसणार. चौदाव्या शतकात सरकारी गलबतांच्या सफरींचा हर्रास व्हायचा, तर तिथं बोलीही उमरावांचीच. मी भाच्याला म्हटलं, तुझी सात घराणी म्हणजे दार लावून घेतल्यानंतरचं व्हेनिस. त्यावर तो म्हणाला, “मामा, पण दार लावल्यावरही पाचशे वर्षं टिकलंच ना?” मी गप्प झालो. टिकलं, हे खरं. किती टिकलं यावरून कारभार जोखायचा, की त्यात नव्या माणसाला किती जागा राहिली यावरून, हे मला त्या रात्री ठरवता आलं नाही. आजही मी हे पूर्ण खात्रीनं सांगू शकत नाही.

जहाजामागं एक मत, ही कल्पना टोकाला गेली की काय होतं याची मात्र मला खात्री आहे. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. १७ संचालक, आणि सनदेत लढाई करायचा, तह करायचा, किल्ले बांधायचा अधिकार. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळ पिकायचं. तिथं राजा नव्हता. गावोगावची वडीलधारी, पैसेवाली माणसं मिळून ठरवायची आणि येईल त्या व्यापाऱ्याला माल द्यायची. कंपनीला सगळा माल एकटीलाच हवा होता. १६२१ मध्ये तिच्या फौजेनं ती बेटं जवळजवळ ओस पाडली. लोक मारले गेले, उपासमारीनं मेले, उरलेले गुलाम म्हणून नेले; मग बाहेरून गुलाम आणून जायफळाचे मळे चालवले. १७ जणांपैकी कुणी अपढ नव्हता, कुणी वेडा नव्हता. त्यांचं भांडवल पणाला लागलेलं होतं आणि ते जपूनच निर्णय घेत होते. फक्त जायफळ तोललं जात होतं एका समुद्रावर आणि हिशेब होत होता दुसऱ्यावर, आणि तोलणाऱ्या जागी उभा असलेला माणूस त्या हिशेबात कुठंच नव्हता. भाच्यानं हे ऐकून घेतलं. तो गुणी पोरगा आहे, पटलं नाही तरी ऐकतो.

राजाच्या बाजूनं बोलणाऱ्या पोराचंही मी हलक्यानं घेत नाही. व्यापाऱ्याच्या पाठीशी कुणी उभं नसलं तर समुद्र त्याला खाऊन टाकतो. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकणच्या किनाऱ्यानं जाणं परक्यांना जड जायचं, तेव्हा त्या पाण्यावर एक ठाम आवाज होता. पण १७५६ मध्ये विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं, जाळलं इंग्रजांनी, आणि इंग्रजांच्या जोडीला जमिनीवरून फौज होती ती पुण्याची. तुळाजीचंही चुकत होतं, तो पेशव्यांना जुमानत नव्हता, हे सगळं मान्य. शाळेत हा धडा वाचताना मला राग यायचा, आताही येतो. घाटावर बसून समुद्राचा निर्णय झाला आणि ज्यांना लाटा कळत होत्या त्यांना कुणी विचारलं नाही. मी त्या पोराला एवढंच म्हटलं, की राजा ठेव बाप्पा, पण तो कोणत्या बेटावर राहतो ते आधी ठरव.

अर्थात घाटावरचे लोक समुद्रापासून लांब म्हणायचे, तर आम्ही किती लांब? सपरीतल्या त्या पोरांपैकी एकट्या भाच्यानं समुद्र पाहिलेला. मीठबेटाच्या नकाशात आम्ही कुठं असू असं मला कुणी विचारलं तर मी डोंगरातल्या जंगलावर बोट ठेवीन. आलापल्लीचा साग ज्यानं उभा पाहिलाय त्याला माहीत आहे, त्या खोडाला कवेत घ्यायला एका माणसाचे हात पुरत नाहीत. असं झाड एका पिढीत होत नाही. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराबद्दल लिहिताना झाडांचा विषय काढला आहे, आणि मराठीत कारभारावर लिहिलेलं इतकं माणुसकीचं दुसरं मी वाचलेलं नाही. आंबा, फणस ही लाकडंही जहाजाच्या कामाची, पण त्यांना हात लावू नये. रयतेनं ती लेकरांसारखी जपून वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन तोडावं, बळजबरी करू नये. ज्याचं आयुष्य दर्यावर जात नाही त्याच्या दारातल्या झाडाचा विचार आरमाराच्या प्रकरणात होतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. मीठबेटाच्या सभेत जंगलातल्या माणसांसाठी एकही आसन नव्हतं. जहाजं तर त्यांच्याच लाकडाची.

आणि आमच्याकडं बिनसमुद्राचं, पण दर्यावर्द्यांसारखंच एक राष्ट्र होऊन गेलं आहे. रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरपर्यंत जायचा, आणि तो नेणारे बंजारे होते. मीठ, धान्य, कापूस, हजारो बैल, बायकापोरं सोबत, पुढं नायक. वाट कोणती, मुक्काम कुठं, हे नायक ठरवायचा. तंटा झाला तर कारभारी आणि जाणती माणसं बसायची. म्हणजे वादळातला एक आवाज आणि मुक्कामावरची पंचायत, दोन्ही एकाच तांड्यात होतं. आमच्या गावाशेजारच्या तांड्यावर अजून नायकाचं घर दाखवतात. मी पोरांना म्हटलं, तुमच्या खेळातला कप्तान असा करा. चालत्या जहाजावर त्याचा शब्द शेवटचा, जहाज बंदराला लागलं की त्यानंही इतरांसारखं सभेत उत्तर द्यायचं. हे मात्र सगळ्यांना एकदम पटलं. राजावाल्या पोरालासुद्धा.

समुद्र आमच्यापर्यंत आला तो पाण्याच्या रूपानं आलाच नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६५ मध्ये लढाई संपली, भाव कोसळला. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावला फाटा गेला, बंजाऱ्यांच्या बैलांचं काम गेलं, आणि पुढं त्याच लोकांच्या कपाळी गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. इथल्या माणसानं अमेरिका पाहिली नव्हती, लिव्हरपूल पाहिलं नव्हतं. तरी त्याच्या घरी यंदा लग्न होईल की नाही ते तिथं ठरत होतं. एखाद्या कल्पित व्यापारी राष्ट्राबद्दल वाद घालताना आपण बंदरात उभे असतो, सभागृहात उभे असतो, जहाजाच्या डोलकाठीपाशी उभे असतो. माल जिथून निघाला त्या धुऱ्यावर कुणी उभं राहत नाही.

सरकारच व्यापारी झालं तर हे सुटेल, असंही आम्ही एकदा मानलं होतं. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली. खासगी व्यापाऱ्याला विकायची बंदी, सगळा कापूस सरकार घेणार. माझ्या वडिलांना सुरुवातीला त्याचा आनंद झाला होता. पुढं रात्रभर गाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून वाद, थकलेले चुकारे, आणि अंधारात मध्य प्रदेशाच्या हद्दीकडं निघालेला कापूस, हेही त्यांनी पाहिलं. त्या योजनेनं पडत्या भावात अनेकांना हातही दिला, ते मी विसरत नाही. पण भाव ठरवणारा, प्रत ठरवणारा, तोलणारा आणि पैसे देणारा हे सगळे एकाच गादीवर बसले की दाद कुणाकडं मागायची हा प्रश्न उरतो, आणि तो तेव्हा सुटला नाही.

आज बाजार समितीवर १८ संचालक असतात. ११ सोसायट्यांमधून, ४ ग्रामपंचायतींमधून, २ व्यापारी-अडत्यांचे आणि १ हमाल-मापाऱ्यांचा. तो एक जेव्हा पहिल्यांदा मी नीट लक्षात घेतला तेव्हा मला वाटलं, व्हेनिसला जमलं नाही ते आमच्या कायद्यानं केलं. पोतं उचलणाऱ्याला सभेत खुर्ची. ती खुर्ची मला आजही मोलाची वाटते. तरीही गेल्या हिवाळ्यात एका खरेदीच्या ठिकाणी तूर घेऊन गेलो, तिथं इलेक्ट्रॉनिक काटा होता आणि त्याचे लाल आकडे व्यापाऱ्याच्या टेबलाकडं तोंड करून होते. शेतकरी पलीकडच्या बाजूला, माना वाकड्या करून बघत. वजनात खोट होती असं मी म्हणत नाही, बहुधा नसेलही. पण माझ्या पुढच्या म्हाताऱ्यानं आपली पोती उतरेपर्यंत तो आकडा एकदाही पाहिला नाही, चिठ्ठी हातात आली तेव्हा ती दुमडून खिशात घातली आणि गेला. खुर्ची मिळाली, निवडणूक झाली, कायदा झाला, आणि आकडे पुन्हा रुमालाखाली. मी त्या माणसाला काटा फिरवायला सांगितलं. त्यानं फिरवला, काही कुरकुर केली नाही. त्याच्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

म्हणून मीठबेटासाठी मी जे सुचवलं ते साधं आहे. सात घराण्यांना त्यांच्या जहाजांमागं मतं असू द्या, बुडण्याची भीती ही खरी भीती आहे आणि तिचं मोल आहे. पण ती मतं निम्म्याहून कमी. उरलेली आसनं बेटवार, माणशी एक मत धरून, आणि त्यात जंगलातली माणसं इतरांच्या बरोबरीनं. भांडवल नसलेल्यानं सफर केली तर त्याचा हिस्सा कागदावर, आणि अशा सफरी करणाऱ्याला सभेचं दार कधी बंद होणार नाही. आणि काटेकरी हे पद. सभेनं ते नेमायचं नाही, राजा ठेवलाच तर त्यानंही नाही. सोडतीनं निघेल, ठरलेल्या मुदतीचं असेल, आणि त्या मुदतीत काटेकऱ्याला ना जहाजात हिस्सा घेता येईल, ना सभेत मत देता येईल. आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि दोन्ही बाजूंना दिसेल असा. पुतणीनं हे कलमवार लिहून काढलं, तिचं अक्षर सुरेख आहे. पद तयार झालं तसं ते कुणाला द्यायचं यावर सोडतीची गरज पडली नाही. पुतणी स्वतः त्या पोरीच्या घरी जाऊन तिला बोलावून आली.

वारेवाल्यांचं काय करायचं यावर मात्र भाचा पुण्याला परत गेल्यावरही फोनवर वाद चालू आहे. त्याचं म्हणणं, ज्यांच्याशिवाय एक शीड हलत नाही त्यांना मत दिलं तर उद्या तेच राष्ट्र चालवतील, आणि कुणाचं जहाज वाऱ्याविना कुजवायचं ते तेच ठरवतील. पुतणी म्हणते, मत नाही दिलं तर ते संप करतील आणि त्यांचा संप मोडायला कोणतीच फौज पुरणार नाही. दोघांचंही बरोबर आहे. माझं मत असं, की त्यांना मत द्यावं आणि वाऱ्याचा दर त्यांनी गुपचूप ठरवू नये. बंदरावर फळा असावा, रोज पहाटे काटेकऱ्यानं त्यावर खडूनं दर लिहावा, आणि तो लिहून होईपर्यंत कुणीही शीळ घालू नये, मग घराणं कितीही मोठं असो आणि माल कितीही नाशवंत असो.